ऑनलाइन डिग्री की सर्टिफिकेशन? सोलापुरातून कॉम्प्युटरच्या नोकरीकडे निघालेल्यांसाठी

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये एक मावशी आमच्या जुळे सोलापुरातल्या घरी आल्या. राहायला साखर पेठेत. मुलगा बारावी सायन्स, ५८ टक्के, आणि घरची गरज म्हणून नवी पेठेत मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागलेला. मावशींच्या पिशवीत दोन कागद होते. एकावर घरबसल्या बीसीए, तीन वर्षांत पदवी. दुसऱ्यावर सहा महिन्यांत क्लाउड इंजिनिअर, नोकरीची हमी. दोन्ही ठिकाणांहून दिवसातून चार-चार फोन येत होते. मावशींनी विचारलं, "ताई, ह्यातलं खरं कुठलं? एकाचेच पैसे आहेत."

मी गेली बारा वर्षं नेटवर्क आणि सर्व्हरचं काम करते. पहिली सात पुण्यात काढली, आता बहुतेक दिवस सोलापुरातूनच काम करते. नवीन मुलांच्या मुलाखतीही घेते, म्हणून टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते मला ठाऊक आहे. मावशींना जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते. एका वाक्यात सांगायचं तर आधी जाहिराती वाचा, मग फी भरा. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. फी भरून झाल्यावर पोरं जाहिराती वाचायला बसतात.

पहिली पायरी: हातातला कागद नक्की कसला आहे ते ओळखा

बाजारात तीन वेगळ्या गोष्टींना एकच नाव चिकटलंय, तिथूनच गोंधळ सुरू होतो.

डिग्री म्हणजे विद्यापीठाची पदवी. बीसीए, बीएस्सी, एमसीए. ती विद्यापीठच देऊ शकतं, आणि एकदा मिळाली की जन्मभर टिकते.

सर्टिफिकेशन म्हणजे एखाद्या तंत्रज्ञानाची कंपनी किंवा संस्था स्वतः घेते ती परीक्षा. सिस्कोची नेटवर्कवरची सीसीएनए, रेड हॅटची लिनक्स ह्या ऑपरेटिंग सिस्टिमवरची आरएचसीएसए, ॲमेझॉनची क्लाउडवरची (म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने वापरायच्या सर्व्हरवरची) एडब्ल्यूएस सोल्यूशन्स आर्किटेक्ट, मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअर ह्या क्लाउडच्या परीक्षा, सॉफ्टवेअर टेस्टिंगची आयएसटीक्यूबी. ओळखपत्र दाखवून, कॅमेऱ्यासमोर किंवा केंद्रावर बसून द्यावी लागते. नापास होता येतं. पास झालात तर एक क्रमांक मिळतो आणि तो टाकून कुणीही ऑनलाइन पडताळणी करू शकतं.

तिसरी गोष्ट कोर्स पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट. क्लासला गेलात, व्हिडिओ पाहिले, शेवटी छापील कागद मिळाला. शिकायला त्याचा उपयोग होतो, पण मुलाखतीत त्याला वजन नसतं, कारण त्यात नापास कुणीच होत नाही. मावशींचा दुसरा कागद ह्याच जातीचा होता. क्लासच्या फीमध्ये ॲमेझॉनच्या परीक्षेची फी धरली आहे का, असं फोन करून विचारायला लावलं. उत्तर आलं, "ती वेगळी, आणि ऐच्छिक." एवढ्या एका प्रश्नात कागदाची जात कळते. तुम्हीही विचारा.

जाता जाता एमएस-सीआयटीचं. बरेच पालक विचारतात म्हणून सांगते. ती सरकारी नोकरीत संगणक येतो हे दाखवायची अट पूर्ण करते. लिपिक पदासाठी जाणार असाल तर जरूर करा. आयटीच्या नोकरीचा आणि तिचा संबंध नाही.

दुसरी पायरी: वीस जाहिराती, एक वही

ही पायरी सगळ्यांत कंटाळवाणी आणि सगळ्यांत मोलाची. दोन दिवस काढा. नोकरीच्या संकेतस्थळांवरून तुम्हाला जमेल असं वाटणाऱ्या कामाच्या वीस जाहिराती शोधा. अनुभव शून्य ते दोन वर्षं, ठिकाण पुणे, हैदराबाद, सोलापूर. वहीत दोन रकाने आखा. डावीकडे शिक्षणाची अट शब्दशः उतरवा, उजवीकडे मागितलेलं कौशल्य. आपल्या शब्दांत सारांश करू नका, जसं छापलंय तसंच लिहा. एकेका शब्दावर तीन वर्षं फुकट जाऊ शकतात.

डावीकडच्या रकान्यात साधारण चार तऱ्हा सापडतील.

पहिली सरकारी आणि बँकांची. इथे पदवी नसेल तर अर्जच पुढे सरकत नाही, आणि कुठली पदवी हेही ठरलेलं असतं. बँकांच्या आयटी अधिकारी पदाचं उदाहरण घ्या, जे आयबीपीएस ह्या बँक भरतीच्या संस्थेच्या स्पेशालिस्ट ऑफिसर परीक्षेतून भरतात. कॉम्प्युटर, आयटी, इलेक्ट्रॉनिक्स वगैरे शाखांतली चार वर्षांची इंजिनिअरिंगची पदवी किंवा त्याच विषयांतली पदव्युत्तर पदवी अशी तिथली अट असते. म्हणजे नुसत्या बीसीएवर ते दार बंद, एमसीए केलं तर उघडं. तिथेच एक तिसरी वाट फारशा कुणाच्या लक्षात येत नाही: कुठलीही पदवी आणि सोबत पूर्वीच्या डोएकची, म्हणजे आताच्या नाएलिट ह्या सरकारी संगणक-शिक्षण संस्थेची, 'बी' लेव्हल. सोलापुरात बँकेच्या परीक्षांची तयारी करणारी पोरं खंडीभर आहेत, आणि ह्या वाटेबद्दल त्यातल्या बहुतेकांनी माझ्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं.

दुसरी तऱ्हा मोठ्या आयटी कंपन्यांच्या घाऊक भरतीची. त्यांच्या जाहिरातीत बारीक अक्षरांत 'फुल टाइम' असा शब्द शोधा. दहावीपासून ठरावीक टक्के आणि पदवी पूर्णवेळ, अशी अट असेल तर दूरशिक्षणाची पदवी कायद्याने समान असूनही त्या भरतीत चालणार नाही. कंपनी खासगी आहे, अट तिची आहे. हे आधी कळलं तर मनस्ताप वाचतो. ह्याच मोठ्या कंपन्यांचे काही रस्ते मात्र साध्या पदवीवाल्यांसाठीही आहेत. विप्रोच्या 'विल्प' योजनेत बीसीए-बीएस्सी झालेल्यांना नोकरी करता करता कंपनीच्या खर्चाने एमटेकचं शिक्षण मिळतं. एचसीएलची 'टेकबी' बारावीनंतरच घेते आणि नोकरीसोबत पदवी करू देते. दरवर्षी अटी बदलतात, म्हणून चालू वर्षाची जाहिरातच वाचायची. मागच्या वर्षी शेजारच्याला काय सांगितलं होतं त्यावर जायचं नाही.

तिसरी तऱ्हा छोट्या-मध्यम कंपन्यांची. नेटवर्क सपोर्ट, होस्टिंग, टेस्टिंग, वेबसाइट बनवणारे. 'एनी ग्रॅज्युएट' असं लिहिलेलं असतं आणि उजवा रकाना लांबलचक असतो. इथे सर्टिफिकेशन खरोखर कामाला येतं. सोलापुरात हिंजवडी नाही, हे खरं. पण हॉस्पिटलं आहेत, साखर कारखाने आहेत, पतसंस्था आहेत, अक्कलकोट रोड आणि चिंचोळीच्या एमआयडीसीत चादरी, टॉवेल, गणवेश बनवणारे कारखाने आहेत. त्या सगळ्यांचं नेटवर्क, सीसीटीव्ही, बिलिंग, बॅकअप कुणीतरी सांभाळतं. पहिली दोन वर्षं अनुभव घ्यायला ही जागा चांगली, आणि घरी राहून जेवणाखोलीचा खर्चही वाचतो.

चौथी परदेशाची. इथे पदवीची वर्षं मोजतात. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांना मास्टर्ससाठी सोळा वर्षांचं शिक्षण लागतं, म्हणून तीन वर्षांची पदवी अडते. नोकरीच्या एच-वन-बी व्हिसालाही पदवी किंवा तिच्या तोडीचं काही दाखवावं लागतं. जर्मनीने मात्र नोव्हेंबर २०२३ पासून आयटीतल्या अनुभवी माणसांना पदवीशिवायही ब्लू कार्डची, म्हणजे तिथे राहून नोकरी करायच्या परवान्याची, वाट मोकळी केली आहे. मागच्या सात वर्षांत निदान तीन वर्षांचा अनुभव आणि पुरेशा पगाराची नोकरी हातात हवी.

वीस जाहिराती उतरवून झाल्या की वही समोर ठेवून मोजा. ज्या नोकऱ्या मनापासून हव्याशा वाटतात त्यांच्यापैकी किती ठिकाणी पदवीविना अर्जच करता येणार नाही? मावशींच्या मुलाने, दुकान सांभाळत, मोबाईलवर वाचून चार रात्रींत वीस जाहिराती उतरवल्या. चौदा ठिकाणी पदवी हवी होती. त्या चौदांपैकी नऊ ठिकाणी कुठलीही चालणार होती, आणि नेटवर्किंगच्या प्रत्येक जाहिरातीत उजवीकडे सीसीएनए. त्याचा निर्णय त्या वहीनेच केला.

तिसरी पायरी: पदवी घ्यायची तर खरी घ्या

ऑनलाइन पदवी म्हटलं की आपल्याकडे अजून नाक मुरडतात. कायद्याने तिची जागा पक्की आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त संस्थेची मुक्त, दूरशिक्षणाची आणि ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने ते पुन्हा जाहीरपणे सांगितलं. गोम 'मान्यताप्राप्त' ह्या शब्दात आहे. विद्यापीठ मान्यताप्राप्त असून भागत नाही. तो अभ्यासक्रम, त्या सत्रासाठी, ऑनलाइन किंवा दूरशिक्षण पद्धतीने चालवायची परवानगी त्याला असली पाहिजे. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या, संकेतस्थळावर ह्याची यादी असते. फोनवरच्या समुपदेशकाच्या शब्दावर जाऊ नका, यादीत स्वतः नाव शोधा.

प्रवेशाआधी तुम्हाला स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो. २०२४ च्या सप्टेंबर सत्रापासून तो बंधनकारक आहे आणि त्यासाठी आधी शिक्षणाचे क्रेडिट (श्रेयांक) जमा ठेवणाऱ्या सरकारी क्रेडिट बँकेचा एबीसी आयडी लागतो, जो डिजिलॉकरमधून निघतो. तुमच्याकडे डीईबी आयडी न मागता कुणी प्रवेश पक्का करत असेल तर पैसे खिशातच ठेवा. शिवाय विद्यापीठाने आपली पदवी एखाद्या ऑनलाइन शिकवणी कंपनीला फ्रँचायझीवर चालवायला देणं आयोगाला मान्य नाही. फी भरताना पावती विद्यापीठाच्या नावाची आहे ना ते बघा.

आणखी एक गोष्ट ठळक सांगते, कारण दरवर्षी कुणीतरी फसतं. बीई किंवा बीटेक ऑनलाइन वा दूरशिक्षणाने करता येत नाही. इंजिनिअरिंगला ती परवानगीच नाही. 'नोकरी करणाऱ्यांसाठी घरबसल्या बीटेक' असं कुणी म्हणालं की तिथेच नमस्कार करा. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा झालेल्यांनी तर दुसरीकडे बघूच नये. थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश हा तुमचा हक्काचा रस्ता आहे.

मग कुठे करायची? पर्याय बरेच आहेत, मला माहीत असलेले तीन सांगते. इग्नू, १९८५ पासूनचं, बीसीए आणि एमसीए दोन्ही. बीसीए किमान तीन वर्षांत, पण सहा वर्षांपर्यंत पुरं करायची मुभा. कामावर जाणाऱ्याला ही सवलत सोन्यासारखी. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, १९८९ पासूनचं, मराठी मुलांना त्याची रीत ओळखीची. आणि आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा बीएस, २०२० मध्ये सुरू झालेला. ह्याला जेईई लागत नाही. चार आठवडे इंग्रजी, गणित, संख्याशास्त्र आणि संगणकीय विचार हे विषय शिकवून पात्रता परीक्षा घेतात, पुढच्या परीक्षा केंद्रावर जाऊन द्याव्या लागतात, आणि अभ्यास खरोखर कस काढतो. मधेच थांबावं लागलं तर टप्प्यानुसार सर्टिफिकेट, डिप्लोमा, बीएस्सी हातात पडतं. फी जास्त आहे, पण उत्पन्न आणि प्रवर्गानुसार ७५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळते. आठवड्याला निदान पंधरा तास देता येत नसतील तर मात्र त्या वाटेला जाऊ नका.

इथे माझं स्वतःचं मत मांडते, कुणाला पटो न पटो. वय अठरा आहे, घरून कॉलेजात जाऊ देतात, फी परवडते, तर कॉलेजातच जा. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स आहे. बीसीएला २०२४ पासून सीईटी द्यावी लागते, तेवढं ध्यानात ठेवा. प्रयोगशाळा, कॅम्पसची भरती, रोज भेटणारी चार हुशार पोरं, अडलं तर विचारायला समोर सर, ह्याची जागा स्क्रीन घेत नाही. ऑनलाइन पदवी कामावर जाणाऱ्याची, लहान मूल असलेल्या आईची, गावाकडून रोज एसटीने येणं न परवडणाऱ्याची. त्यांच्यासाठी ती खूप मोठी सोय आहे आणि तिचा मान ठेवला पाहिजे.

कॉलेजात बीकॉमला नाव घालून बसलेल्यांनाही वाट आहे. एप्रिल २०२२ मध्ये आयोगाने दोन पदव्या एकाच वेळी करायला मुभा दिली. एक कॉलेजात, दुसरी ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने, असं चालतं. आणि ज्यांचं बीए, बीकॉम होऊन गेलंय त्यांनी पुन्हा बीसीएची तीन वर्षं घालू नयेत. 'एनी ग्रॅज्युएट'चा रकाना तुमचा भरलेलाच आहे. तुम्ही सरळ सर्टिफिकेशनकडे वळा. पुढे एमसीए करावंसं वाटलं तर बारावीला किंवा पदवीला गणित होतं का ते बघा. असेल तर ब्रिजचे, म्हणजे कॉम्प्युटरचा राहिलेला पाया भरून काढणारे, विषय करून एमसीएला जाता येतं.

चौथी पायरी: सर्टिफिकेशन एकच निवडा

एकच. रिझ्युमेवर सात लोगो लावून येणारी मुलं मी पाहते. तिसऱ्या प्रश्नाला गप्प होतात.

वायर, राउटर, स्विच ह्यात हात रमतो, त्यांनी सीसीएनए. लिनक्सची गोडी असेल तर आरएचसीएसए. ह्या परीक्षेत पर्याय निवडायचे नसतात. समोर खरं मशीन देतात, काम सांगतात, आणि मशीन रिस्टार्ट केल्यावरही तुमची सेटिंग टिकली तरच गुण. म्हणून ती पास झालेल्याला मी मुलाखतीत लिनक्सचे सोपे प्रश्न विचारतच नाही, थेट अवघड विचारते. क्लाउडकडे जायचं तर आधी नेटवर्क आणि लिनक्स थोडं तरी येऊ द्या, मग एडब्ल्यूएसची सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट. बारकाईने चुका शोधायचा स्वभाव असेल, कोडिंगची धास्ती असेल, तर आयएसटीक्यूबीची फाउंडेशन: चाळीस प्रश्न, एक तास, पास व्हायला ६५ टक्के.

सुरुवातीला सीआयएसएसपीच्या मागे लागू नका. सायबर सुरक्षेच्या क्षेत्रातली ती मोठी परीक्षा समजली जाते खरी, पण पूर्ण मान्यता मिळायला पाच वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. नवख्याला तिच्या नावाने क्लास विकणारा माणूस तुमचं भलं बघत नाही.

सर्टिफिकेशनला मुदत असते. सीसीएनए, आरएचसीएसए, एडब्ल्यूएस ह्या तीन-तीन वर्षांच्या. मायक्रोसॉफ्टच्या पायाभूत परीक्षांना मुदत नाही, पण पुढच्या असोसिएट पातळीची दरवर्षी नव्याने करावी लागते. ती घरबसल्या, फुकट होते. आयएसटीक्यूबी फाउंडेशन जन्मभराची. म्हणून नोकरी शोधायच्या सहा-आठ महिने आधी परीक्षा द्यावी. पदवीच्या पहिल्या वर्षाला दिली तर नोकरीच्या मुलाखतीपर्यंत तिची मुदत संपत आलेली असते.

आणि 'डंप्स'. परीक्षेतले चोरलेले प्रश्न व्हॉट्सॲपवर दोन-दोनशे रुपयांना फिरतात. सापडलात तर सर्टिफिकेट रद्द होतं, पुढच्या परीक्षांनाही बंदी येऊ शकते. न सापडलात तरी मुलाखतीत उघडं पडतं. ते कसं, हे सहाव्या पायरीत दाखवते.

पाचवी पायरी: सगळा हिशोब कागदावर, आणि कर्ज नको

सीसीएनएची फी ३०० डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तर २५,५०० आणि वर १८ टक्के जीएसटीचे ४,५९०, मिळून ३०,०९० रुपये. एडब्ल्यूएस असोसिएट १५० डॉलर, म्हणजे करासकट १५,०४५. नापास झालात तर दुसऱ्यांदा पुन्हा पूर्ण फी. म्हणून एका परीक्षेचं बजेट करताना दुप्पट पैसे बाजूला ठेवा. पुण्याच्या केंद्रावर जायचं तर रेल्वे आणि एक मुक्कामही त्यात धरा.

शिकण्याचा खर्च मात्र जवळजवळ शून्यावर आणता येतो. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर फुकट मिळतं. त्यावर राउटर, स्विच विकत न घेता अख्खं नेटवर्क उभं करता येतं. लिनक्ससाठी रॉकी किंवा अल्मा ह्या त्याच्या आवृत्त्या फुकट, आणि रेड हॅटसुद्धा एकट्या शिकणाऱ्याला मोफत सदस्यत्व देतं. आयआयटीच्या प्राध्यापकांचे एनपीटीईएल ह्या संकेतस्थळावरचे ऑनलाइन वर्ग मोफत असतात. प्रमाणपत्र हवं असेल तर केंद्रावर परीक्षा, विषयाला हजार रुपये. मन लावून हे केलं तर क्लासची गरज अर्ध्याहून कमी होते.

माझ्या मावसभावाचं सांगते. एका क्लासने त्याला 'आधी शिका, नोकरी लागल्यावर भरा' असं सांगून टॅबवर सही घेतली. सही निघाली एका वित्त कंपनीच्या कर्जाची, ८० हजारांची. तीन महिन्यांत शिकवणारे बदलले, पाचव्या महिन्यात बॅच बंद झाली. हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला कापला जात राहिला, कारण कर्ज देणाऱ्याचा आणि क्लास चालू असण्याचा काही संबंधच नव्हता. काकांनी दोन वर्षं ते फेडलं. त्या घरात अजून 'कॉम्प्युटर' म्हटलं की सगळे गप्प होतात. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते: क्लासच्या ऑफिसात बसून, त्याच दिवशी, कुठल्याही स्क्रीनवर सही करू नका. कागद घरी आणा, कर्ज देणाऱ्याचं नाव वाचा, दोन रात्री जाऊ द्या.

सहावी पायरी: हाताने केलेलं एक काम तयार ठेवा

डिग्री असो की सर्टिफिकेशन, मुलाखतीत शेवटी गाडी एका प्रश्नावर येते: तुम्ही स्वतः काय केलंय? इथे सोलापूरच तुमच्या उपयोगाला येतं. मावशींच्या मुलाला मी म्हटलं, एमआयडीसीतला एखादा टॉवेलचा कारखाना डोळ्यांसमोर आण आणि पॅकेट ट्रेसरवर त्याचं नेटवर्क बांध. ऑफिसात ३० कॉम्प्युटर, गोडाऊनमध्ये १२, गेटवर आणि शेडमध्ये १० कॅमेरे. तिन्ही वेगळे राहिले पाहिजेत. गोडाऊनच्या माणसाला पगाराची फाइल दिसता कामा नये.

नेटवर्कमधल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता, म्हणजे क्रमांक, लागतो. पहिल्या खेपेला त्याने ऑफिससाठी पत्त्यांचा /२७ चा भाग कापला. त्यात ३२ पत्ते, दोन राखीव, उरले ३०. कॉम्प्युटर ३०. बरोबर वाटतं ना? मग मी विचारलं, राउटर कुठे बसवणार? त्यालाही ह्याच भागातला एक पत्ता लागतो. उरले २९ आणि तिसावा कॉम्प्युटर बाहेर उभा. तो दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत राहिला, मग सगळं पुसून /२६ घेतला, ६२ पत्ते, पुढे कारखाना वाढला तरी जागा.

हा प्रश्न मी मुलाखतीत नेहमी विचारते. डंप पाठ केलेला '/२७, तीस होस्ट' असं ताबडतोब सांगतो आणि राउटर विसरतो. स्वतः बांधून चुकलेला कधीच विसरत नाही.

प्रोग्रामिंग करणाऱ्यांनीही असंच जवळचं काहीतरी घ्यावं. काकांच्या यंत्रमागाच्या शेडचा सुताचा हिशोब, गल्लीतल्या गणपती मंडळाची वर्गणी, दवाखान्याच्या नंबरांची यादी. गिटहब ह्या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर ठेवा, कसं चालवायचं ते चार ओळींत लिहा. खरा माणूस रोज वापरतोय असं छोटं काम, व्हिडिओ बघून केलेल्या दहा प्रोजेक्टांपेक्षा मला जास्त सांगून जातं.

सातवी पायरी: नाव आणि परीक्षेचा दिवस

हे वाचून सोडून देऊ नका. आपल्या मार्कलिस्टवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुतेकदा स्वतःचं नाव पहिलं. पॅनवर कुठे वडिलांचं नाव गाळलेलं, कुठे एकच अक्षर. परदेशी कंपनीच्या परीक्षेच्या फॉर्ममध्ये 'फर्स्ट नेम' आणि 'लास्ट नेम' असे दोनच रकाने, आणि दारावर ओळखपत्राशी ते तंतोतंत जुळावं लागतं. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या परीक्षेला परीक्षेच्या ऑनलाइन खात्यावर माहेरचं आडनाव होतं आणि हातातल्या ओळखपत्रावर सासरचं. मला आत सोडलं नाही आणि फी गेली. म्हणून खातं उघडतानाच जे ओळखपत्र नेणार आहात ते समोर ठेवा आणि त्यावरून अक्षरन् अक्षर उतरवा. कुठलं ओळखपत्र चालतं ते बुकिंगच्या पानावर वाचा. पासपोर्ट काढून ठेवला असेल तर उत्तमच. पदवीच्या बाबतीतही तेच: एबीसी आणि डीईबी आयडी आधारच्या नावावर निघतात, मार्कलिस्टशी फरक असेल तर प्रवेशाआधी दुरुस्त करा, निकालानंतर हेलपाटे फार होतात.

परीक्षा घरून द्यायची की केंद्रावर? घरून द्यायची तर खोलीत दुसरं कुणी येता कामा नये, कॅमेऱ्यातून उठून जायचं नाही, प्रश्न मोठ्याने वाचायचासुद्धा नाही. बाहेरून आवाज आले तर परीक्षा थांबवू शकतात. सोलापूरच्या पूर्व भागात खाली माग चालू असतो, दोन खोल्यांत सहा माणसं असतात, आणि गल्लीत पाण्याचा दिवस असला की हंडे-बादल्यांचा काय गलबला होतो ते सोलापूरकरांना सांगायला नको. वर लाइट गेली की नेट गेलं. माझा सल्ला केंद्राचाच आहे. घरूनच द्यायची असेल तर एखाद्या नातेवाइकाची शांत खोली, इन्व्हर्टर आणि मोबाईलचं दुसरं नेट, आणि पाण्याचा दिवस सोडून तारीख.

मावशींच्या मुलाने इग्नूच्या बीसीएला नाव घातलं. दुकान सोडलं नाही, सकाळी दीड तास आणि रात्री एक तास असा अभ्यास ठेवला. सीसीएनएसाठी दर महिन्याला अडीच हजार रुपये पोस्टात टाकत गेला. दीड वर्षाने पुण्याच्या केंद्रावर तारीख घेतली, दुपारची. पॅनवरचं नाव खात्यावरच्या नावाशी त्याने तीनदा ताडून पाहिलं. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने गेला. मावशींनी डब्यात कडक भाकरी आणि शेंगा चटणी दिली होती, ती परीक्षा झाल्यावर केंद्राच्या बाहेर कट्ट्यावर बसून खाल्ली. संध्याकाळच्या हुतात्माने परत येताना दौंडच्या पुढे त्याने मला निकालाच्या कागदाचा फोटो पाठवला. पास. खाली लिहिलं होतं, "ताई, बीसीएच्या दोन असाइनमेंट ह्या आठवड्यात द्यायच्या आहेत, रविवारी येऊ का?"